थांबायची ऐपत

दिवाळी जवळ आली की मला एक ठरलेला फोन येतो. कधी कुठल्या सोसायटीच्या ग्रुपचा, कधी कॉलेजच्या बॅचचा, एकदा तर न्यू जर्सीत राहणाऱ्या एका काकांचा. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच, की दरवर्षी आपण फराळ आणि कपडे वाटतो पण ते चार दिवसांत संपतं, यंदा काहीतरी कायमचं करू, आदिवासी वाडीवर दहा घरांना शेळ्या घेऊन देऊ म्हणजे त्यांचा छोटा बिझनेस उभा राहील. आणि मग ते वाक्य येतंच, मासा देण्यापेक्षा मासा पकडायला शिकवावं. आता मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते काटकरी, पावसाळ्यात ओढ्यातल्या दगडाखाली हात घालून चिंबोरी काढणारी माणसं, त्यांना मासा पकडायला कोण शिकवणार, पण हे मी फोनवर बोलत नाही. मी एवढंच विचारते, काका, शेळ्या द्या, चांगलंच आहे, पण पहिलं वर्षभर खायलाही द्याल का?

यावर समोरचा माणूस गोंधळतो. त्याला वाटत असतं की शेळी म्हणजेच खायची सोय. मग हे परत वेगळं कशाला?

मी काही वर्षं रायगडात, कर्जत-सुधागड पट्ट्यात, एका छोट्या संस्थेत होते, उपजीविकेच्या प्रोजेक्टवर. आता पुण्यात ऑफिसात बसते आणि दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या शीट भरते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. आणि इतक्या दिवसांनी माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, की अगदी गरीब घराकडे सगळ्यात आधी कशाची कमतरता असते तर थांबायच्या ऐपतीची. भांडवल, कौशल्य, मार्केट, ट्रेनिंग, हे सगळं लागतंच, पण त्याच्या आधी हे लागतं.

काटकरी वाडीचं वर्ष जूनपासून धरा. पाऊस सुरू होता होता बायका रानात जातात आणि शेवळं घेऊन येतात, जोडीला काकडं (ज्यांनी शेवळांची भाजी केलीये त्यांना माहितीये, काकडं घातली नाहीत तर घशाला काय खाज सुटते ते), मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी असं एकामागून एक येत राहतं आणि हे सगळं डोक्यावर घेऊन कोणी कर्जत-नेरळच्या बाजारात बसतं, कोणी लोकल पकडून थेट कल्याण-डोंबिवलीला जातं. हा धंदाच आहे, बरं का. भांडवल शून्य, माल रोजचा ताजा, गिऱ्हाईक ठरलेलं. कोणी त्यांना उद्योजक म्हणत नाही एवढंच. मग भातलावणीची मजुरी मिळते. आणि मग श्रावण येतो. लावणी संपलेली, रानभाजी जून झालेली, घरात काही नाही. अंत्योदय कार्ड असेल तर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, पण ते कार्ड नवऱ्याच्या बापाच्या नावावर असतं आणि बाप वारलेला असतो, किंवा तीन भावांची घरं वेगळी झालेली असतात आणि कार्ड एकच असतं.

अशा दिवसांत वीटभट्टीवाल्याचा मुकादम वाडीवर येतो. उचल देतो. काही ठिकाणी बयाणा म्हणतात. ते पैसे दुकानाची उधारी, आजारपण, सण यांत जातात आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड टेम्पोत. नवरा-बायकोची जोडी धरली जाते, पोरं बरोबर, कोंबड्या बरोबर. मजुरी हजार विटांमागे ठरलेली, पण हातात येते ती आठवड्याची खर्ची, तेलमिठापुरती, आणि खरा हिशोब होतो पाऊस यायच्या आधी भट्टी बंद होताना. त्या हिशोबात उचल गेली, खर्ची गेली, मधे पोराला दवाखान्यात नेलं ते गेलं, आणि कित्येकदा उलटी मजुराच्याच नावावर बाकी निघते. ती पुढच्या सीझनला फेडायची. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे, ठाणे-पालघरकडे श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून या प्रश्नावर मोठं काम केलं, तरी उचल आहेच, कारण त्या दिवसांत दुसरं कोणी पैसे देत नाही. बँक तर नाहीच नाही. मी एकदा वाडीवर मुकादमाच्या नावाने तावातावाने बोलत होते तेव्हा एक बाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वाईट हाय गो ताई तो, पन येतो तरी."

तर आता या वर्षात शेळी बसवून बघा.

शेळी घेतली. गाभण नसेल तर आधी बोकड शोधा, लागली की तिथून पाच महिने. करडू झालं. ते विकण्याजोगं व्हायला पुढे सहा-आठ महिने. म्हणजे सगळं व्यवस्थित झालं, करडू जगलं, आईला दूध होतं, लस वेळेवर झाली, तर पहिला पैसा साधारण वर्षाने हातात. शेळीपालनाच्या पुस्तकात दोन वर्षांत तीन वेत लिहिलेले असतात आणि उस्मानाबादी असेल तर जुळी, त्याची गुणाकार करून केलेली सुंदर कोष्टकं असतात, मी स्वतः कितीतरी केलीत. पण हे ज्या बाईला द्यायचं ती आठवड्याच्या खर्चीवर चूल पेटवते. तिने वर्षभर काय करायचं? आणि दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली तर शेळीकडे बघायचं कोणी? सासू असली तर सासू, नसली तर शेळी विकून जायचं. ते सोपं असतं. आणि तसंच होतं.

दुसरी गोष्ट भावाची. तयार बोकड बकरी ईदच्या आधी विकला तर पैसे चांगले मिळतात हे वाडीवरच्या लहान पोराला पण माहीत असतं, त्यासाठी आमच्या मार्केटिंगच्या ट्रेनिंगची गरज नव्हती. पण श्रावणात पोराला ताप आला, दवाखान्यात न्यायला पैसे नाहीत, तर बोकड आजच जाणार. आणि घ्यायला आलेला खाटीक किंवा हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, हा काही वाईट माणूस असतो असं नाही, त्याला फक्त कळतं की समोरची बाई थांबू शकत नाही. तो अंगणात उभा राहतो, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो, एक आकडा सांगतो आणि निघायला लागतो. चार पावलं गेला की बाई हाक मारते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की मला ती चार पावलं पाठ झालीत. ज्याच्या घरात पंधरा दिवसांचे तांदूळ आहेत तो त्याला जाऊ देतो.

बचत गटांचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. महाराष्ट्रात गटांचं काम जुनं आहे, माविम (सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून आहे, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) २०११ पासून, आणि गटांनी बायकांसाठी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण एकदा नवीन गट बांधायची मीटिंग होती, देवळाच्या ओट्यावर, आणि दोन-तीन बायकांची नावं मी घेतली तर बाकीच्या म्हणाल्या त्यांना नको. का? त्या पैसे भरणार नाहीत. सहा महिने भट्टीवर असतात, हप्ता कोण भरणार, गटाचं रेकॉर्ड बिघडेल, मग बँक आम्हालाही देणार नाही. आणि त्या दुष्ट म्हणून बोलत नव्हत्या, त्यांचंही पोट गटावरच होतं. ज्यांची नावं घेतली होती त्या ओट्याच्या खाली उभ्या होत्या, त्यांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही. एक तर म्हणालीच की मला नको बाय ते हप्त्याचं, रातची झोप जाते.

हेच बांगलादेशात ब्रॅकच्या लक्षात आलं होतं, आमच्या कितीतरी आधी. ब्रॅक म्हणजे १९७२ साली फझले हसन आबेद यांनी सुरू केलेली संस्था, आज जगातल्या सगळ्यात मोठ्या संस्थांपैकी एक. यांनी वर्षानुवर्षं मायक्रोक्रेडिट केलं आणि मग बघितलं की कर्ज अगदी तळातल्या घरांपर्यंत जातच नाहीये, गटातल्या बायका त्यांना घेत नाहीत, वसुलीवाला घेत नाही, आणि त्या स्वतःही कर्जाला घाबरतात (बरोबरच घाबरतात). म्हणून २००२ मध्ये त्यांनी या घरांसाठी वेगळाच कार्यक्रम काढला. गावातल्या लोकांनाच जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावायचा आणि कुठलं घर कुठल्या पायरीवर ते त्यांनीच सांगायचं, मग सगळ्यात खालच्या घरातल्या बाईला गाय किंवा शेळ्या किंवा कोंबड्या द्यायच्या, फुकट, परतफेड नाही, आणि त्याबरोबर सुरुवातीचे काही महिने खाण्यापुरते थोडे पैसे, दर आठवड्याला घरी येऊन जाणारा एक माणूस, औषधपाण्याची सोय, बचतीची सवय. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गावातल्या वजनदार लोकांची एक कमिटी, म्हणजे गाय चोरीला गेली किंवा कोणी दमदाटी केली तर बोलायला कोणीतरी हवं. गरिबाची गाय शाबूत राहायला श्रीमंताचं थोडं लक्ष लागतं हे आबेद यांच्या माणसांना बरोबर माहीत होतं. दोन वर्षांत घर स्वतःच्या पायावर उभं राहावं आणि मग पाहिजे तर कर्ज घ्यावं, असा हिशोब. याला पुढे ग्रॅज्युएशन नाव पडलं. नाव जरा कॉन्व्होकेशनसारखं वाटतं पण असो.

यातले ते खाण्यापुरते पैसे आपल्याकडच्या देणगीदारांना सगळ्यात खटकतात. आळशी होतील. सवय लागेल. दारू पितील. आणि मला ते सगळ्या योजनेतलं सगळ्यात हुशारीचं कलम वाटतं, कारण त्या पैशाने गाय विकली जात नाही.

भारतात हे पहिल्यांदा नीट मोजून बघितलं गेलं ते पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादला, २००७ च्या सुमारास. काम बंधनचं, तेव्हा ती मायक्रोफायनान्स संस्था होती, बँक २०१५ मध्ये झाली. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. (अभिजित विनायक बॅनर्जी. ते विनायक आपल्याकडून गेलंय, आई निर्मला पाटणकर, मराठी, स्वतः मोठ्या अर्थतज्ज्ञ. नोबेलच्या दिवशी आपल्या सगळ्या ग्रुप्सवर हे फिरलं होतं, पण मुर्शिदाबादच्या शेळ्यांबद्दल कोणी काही पाठवलं नाही.) तर तिथे झालं काय, की फुकट शेळ्या देतो म्हटल्यावर निवडलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्म्या घरांनी नकार दिला. नको म्हणाले. काही मुस्लिम घरांना वाटलं ही ख्रिश्चन लोकांची संस्था आहे आणि धर्म बदलायला लावेल. शहरातल्या माणसाला हे वाचून हसू येतं, मला नाही आलं. आमच्या वाडीवर पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "अंगठा कशावर घेताय ते आदी वाचून दाखवा." ज्याच्या बापाने कोऱ्या कागदावर अंगठा दिलाय तो फुकटच्या शेळीकडे असाच बघणार ना.

२०१५ मध्ये सहा देशांतला एकत्र अभ्यास सायन्स या जर्नलमध्ये आला, इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरू, साडेदहा हजारांच्या आसपास घरं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने बघितलं तर घरचा खर्च सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास वाढलेला, जनावरं जास्त, बचत जास्त. ५ टक्के ऐकायला फार नाही. पण आपल्याकडच्या किती योजनांचा माणूस निघून गेल्यावर वर्षभराने एक टक्का तरी उरतो ते बघा. होंडुरासमध्ये मात्र फसलं, तिथे बऱ्याच घरांना बाहेरच्या जातीच्या कोंबड्या दिल्या आणि त्या रोगाने मेल्या. हे वाचताना मला आपलं कडकनाथ प्रकरण आठवलं, २०१९ ला सांगलीकडे लोकांनी कर्ज काढून काळ्या कोंबड्या घेतल्या आणि विकत घेणारी कंपनीच बुडाली. तिथे रोग नव्हता, फसवणूक होती, पण दोन्हीकडे माणसाला माहीत नसलेला पक्षी दिला होता. कोकणातही हे चालतं. चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या मुलखात लोक मराठवाड्यातून ट्रकभर शेळ्या आणतात, कोरड्या हवेतल्या, आणि मग जुलैमध्ये खूर सडले, खोकला लागला, मेली. कोकण कन्याळ नावाची जात आहे जी या पावसात तग धरते, पण बऱ्याचदा ट्रक ठरवणारा माणूस आणि शेळी सांभाळणारी बाई यांची भेटच झालेली नसते.

एक प्रश्न मला फार दिवस पडायचा, की किती द्यायचं? एक शेळी दिली तर काही तरी होतंच ना? बांगलादेशातल्याच ६००० घरांवर ११ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात दिसलं की मालमत्तेची एक रेषा असते, मदतीने जी घरं त्या रेषेच्या वर गेली ती पुढे आपली आपण वर जात राहिली आणि जी खालीच राहिली ती हळूहळू परत होती तिथे आली. सगळ्यांना गाय तीच. म्हणजे थोडं दिलं तर थोडा फायदा असं गणित चालत नाही. दहा घरांना एकेक शेळी देण्यापेक्षा दोन घरांना पुरतं द्या, पण हे कोण ऐकणार, दहा घरांचा फोटो दोन घरांपेक्षा मोठा येतो.

उलट्या बाजूने आपली सरकारी दहा शेळ्या एक बोकड योजना. आकडा चांगला आहे, रेषेच्या वर नेणारा आहे. अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान. पण उरलेले २५ टक्के लाभार्थ्याने घालायचे किंवा बँकेकडून काढायचे, आणि अर्ज ऑनलाइन. जिच्याकडे आधारवर एक नाव, रेशन कार्डवर दुसरं आणि जातीचा दाखलाच नाही तिने हे कसं करायचं? म्हणून ती योजना जाते ज्याच्याकडे आधीच चार शेळ्या आणि एक मोबाईल वापरणारा मुलगा आहे त्याच्याकडे. त्याचंही भलं व्हावं, तो काही सावकार नाही, पण आपण ज्या घराबद्दल बोलतोय ते घर ते नव्हे. आणि अकरा जनावरं बांधायची कुठे? किती तरी काटकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, गावठाणात नाहीत. मला एकीने सरळ सांगितलं, "कूड माजा हाय, खालची जमीन मालकाची. शेली बांधली आन त्याच्या शेतात शिरली तं मला पन काडल ना तो." धंद्याच्या प्लॅनमध्ये ही ओळ कुठे लिहायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं, मी ती 'रिस्क' च्या रकान्यात लिहिली.

आता घरी येणाऱ्या माणसाबद्दल, कारण माझा स्वतःचा जॉब तोच होता. लोकांना वाटतं हे ट्रेनिंग देणारे असतात. ट्रेनिंगचा भाग फार थोडा असतो. जंताचं औषध कधी, पावसाआधी आंत्रविषाराची लस, पीपीआर या साथीच्या रोगाची लस, हे दोन-तीनदा सांगितलं की झालं, बायका विसरत नाहीत. बाकीचा वेळ काय करायचे मी? रेशनच्या दुकानात बरोबर जायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे, कारण एकटी गेली की तिला थांबवून ठेवतात आणि मी बरोबर असले की नाही ठेवत, हे वाईट आहे पण आहे. बँकेत खातं उघडायला गेलो तेव्हा शिपायानेच परत पाठवलं. मग सुकट विकायला सुरुवात केलेल्या बाईबरोबर बसून कोणाकडे किती उधारी आहे ते बोटांवर मोजायचं, कारण ती ज्यांच्या दारात विकते ते तिचेच लोक, उधार नाही कसं म्हणणार, आणि उधारीतच पाटी बुडते.

ती सुकटवाली मला शेळीपेक्षा बरी वाटायची खरं तर. जवळा, बोंबील, सुकट होलसेलमध्ये घ्यायचं, पाटीत भरायचं, आतल्या वाड्यांवर पायी फिरायचं, पैसे नसतील तर तांदळावर द्यायचं. आठवड्याभरात पैसा फिरून परत येतो. शेळी एका वर्षाने, पाटी एका आठवड्याने. ज्या घरात थांबायची ऐपत नाही तिथे आधी पाटी द्यावी आणि शेळी तिच्या मागून यावी असं माझं मत झालं, पण यालाही मर्यादा आहे, एका पट्ट्यात सुकटवाल्या तीनच चालतात, चौथी आली की चौघी उपाशी. पापडांचं तर बोलूच नका. गावोगावच्या गटांना पापड-लोणची-मसाले शिकवून ठेवलेत, आणि घ्यायचे कोणी, तर वर्षातून एकदा शहरातल्या प्रदर्शनात आपण. गावात कोण विकतचा पापड खातं?

घानात एक गोष्ट तपासून बघितली होती, की बाकी काही न करता नुसत्या शेळ्या दिल्या तर? चालत नाही. पूर्ण पॅकेजने जो फरक पडला तो नुसत्या शेळ्यांनी पडला नाही. पण मग खर्चाचं येतं, आणि तो मुद्दा खोटा नाही. दर आठवड्याला येणारी व्यक्ती महाग पडते. शेळी एकदाच घ्यावी लागते, पगार दर महिन्याला. नुसते रोख पैसे द्या, बाकी लोकांना कळतं काय करायचं ते, असं म्हणणारेही हुशार लोक आहेत आणि मला त्यांचं बरंचसं पटतं, फक्त खात्यापर्यंत जी बाई पोचतच नाही तिच्या बाबतीत नाही पटत.

बिहारने हे सरकारच्या पातळीवर केलं. तिथे २०१६ मध्ये दारूबंदी झाली. ताडी आणि गावठी विकून जगणारी घरं, बहुतेक दलित, बरीच घरं विधवा बायकांनी चालवलेली, एका रात्रीत बेकायदा झाली. मग २०१८ मध्ये जीविकाने, म्हणजे आपल्याकडच्या उमेदसारखी त्यांची यंत्रणा, सतत जीविकोपार्जन योजना आणली. गावातल्या बायकांचं ग्राम संगठन घरं निवडणार आणि मालही तेच खरेदी करून देणार, शेळ्या नाहीतर छोट्या दुकानाचा माल, वर सात महिने महिन्याला १००० रुपये, आणि घरी येणारी व्यक्ती गावाजवळचीच. लाखाच्या वर घरं झाली. मला यात दोन गोष्टी पटतात. एक ते सात महिने, कोणीतरी सरकारी कागदावर लिहून ठेवलं की धंदा चालायला लागेपर्यंत माणूस जेवतो. आणि दुसरं, ज्या गटांनी आधी या बायकांना ओट्याच्या खाली उभं ठेवलं असतं त्यांच्याच हातात निवड दिली. थोडी वशिलेबाजी होणारच, पण मुकादमापेक्षा बरी.

आपल्याकडे उमेदमध्ये पशुसखी आहेत, त्याच गावच्या, लस देणाऱ्या, जनावरामागे थोडे पैसे घेणाऱ्या. मला तो रस्ता बरोबर वाटतो. फक्त पशुसखीला पैसे मिळतात ते जनावरं बघायचे. बाईला बँकेत नेण्याचे, रेशनवाल्याशी भांडण्याचे, उधारी मोजायचे कोणी देत नाही, आणि शेळी टिकते ती बऱ्याचदा त्याच्यावर.

मुर्शिदाबादच्या घरांकडे अभ्यास करणारे दहा वर्षांनी परत गेले होते. ती घरं तेव्हाही इतरांपेक्षा बरी होती, बरं खात होती. पण त्यातली बरीचशी कमाई आता शेळ्यांची नव्हतीच. घरातले लोक बाहेरगावी कामाला जायला लागले होते, जास्त पगाराच्या, आणि पैसे घरी पाठवत होते. म्हणजे इतका खटाटोप करून छोटा बिझनेस उभा केला आणि शेवटी झालं काय तर स्थलांतर. काही लोकांना हे अपयश वाटेल. मला वाचून बरं वाटलं. ज्याच्या घरात काही नाही तो कामाला जातो तेव्हा त्याला जिथे नेतील तिथे जावं लागतं, आणि घरी बायको-पोरांच्या जेवणाची सोय असली की तो चांगलं काम मिळेपर्यंत बघू शकतो, तिकिटाचे पैसे असतात, एखादा महिना रिकामा गेला तरी चालतो. आपल्याकडे भाषणात सगळ्यांना उद्योजक बनवायची घाई असते. अहो, सगळ्यांना नाही व्हायचं उद्योजक. माझ्या घरात कोणी आहे का? सगळे पगारावर.

रातची झोप जाते म्हणणारी जी बाई वर आली, तिची गोष्ट सांगते आणि थांबते. तिला आम्ही आधी पाटी दिली, मग दोन शेळ्या. एक शेळी पहिल्याच पावसाळ्यात मेली. दुसरीची करडं झाली, एक बोकड ईदला चांगला गेला, पाटी कधी चालायची कधी बंद असायची. पुढे एका वर्षी गणपतीत मुकादम आला तर तिने आणि नवऱ्याने उचल घेतली नाही. घरात तांदूळ होते, उधारी नव्हती. वाडीवर सगळ्यांना वाटलं आता हे भट्टीवर जाणार नाहीत, मलाही वाटलं. दिवाळीनंतर गेले. पण उचल नसल्यामुळे नवऱ्याने तीन भट्ट्यांवर जाऊन हजारीचा रेट विचारला आणि ज्याचा जास्त होता तिकडे गेले, आणि हिशोब दर पंधरा दिवसांनी रोख पाहिजे म्हणून बसले, मालकाने कुरकुर करत दिला. शिमग्यानंतर काहीतरी बिनसलं तर सीझन अर्धा सोडून परत आले. उचल घेतलेल्या माणसाला हे करता येत नाही.

आमच्या फंडिंग देणाऱ्यांचा वर्षाखेरीचा फॉर्म होता, घरटी एक. त्यात या सगळ्याला जागा नव्हती, पर्याय दोनच होते, व्यवसाय चालू किंवा व्यवसाय बंद, आणि खाली एक रकाना, कुटुंब स्थलांतरित झालं असल्यास लाभार्थी वगळावा. मी चालूवर टिक केलं. सासूकडे तीन शेळ्या बांधलेल्या होत्याच.